चार नंबरची जखमी

आमच्या कार्यालयात सगळ्यात जास्त वेळा जी बाई मेली, तिची ही हकीकत आहे. एकूण अकरा वेळा मेली. त्याशिवाय सात वेळा तिचा पाय मोडला, तीनदा ती धुरात गुदमरली आणि एकदा तिच्या अंगावर फायलींचं कपाट पडलं. हे सगळं अर्थातच सरावात. वर्षातून दोनदा आमच्याकडे आपत्तीचा सराव व्हायचा आणि त्याला जखमी लागायचे. जखमींची यादी ठरलेली होती आणि चौथ्या नंबरावर तिचं नाव होतं. हळूहळू नाव गळून पडलं, नंबर राहिला. वरचे साहेबसुद्धा घंटी वाजवून म्हणायचे, ‘‘चारनंबरला पाठवा.’’

ती शिपाई होती. फायली चारी मजल्यांवर फिरवायच्या, पाणी भरायचं, बैठकीच्या खुर्च्या मांडायच्या आणि बैठक संपली की मोडायच्या. जखमी म्हणून तिलाच का निवडलं, याला कारण होतं. परिपत्रकात म्हटलं होतं, की ज्यांच्या गैरहजेरीने काम अडेल अशा कर्मचाऱ्यांना जखमी करू नये. ती तासभर जमिनीवर पडून राहिली की चारी मजल्यांवरची एकही फाईल जागची हलत नसे. पण फाईल न हलणं याला आमच्याकडे काम अडणं म्हणत नाहीत.

मी तिथे कनिष्ठ लिपिक. सरावाचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे. खरं सांगायचं तर अहवाल मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायचो. फक्त वेळ भरायची जागा मोकळी सोडायचो. शेवटचं वाक्य कायमचं होतं: ‘सराव यशस्वीरीत्या पार पडला.’ एकदा ऐन सरावात रुग्णवाहिका सुरूच होईना, तेव्हा सगळ्या जखमींनी उतरून तिला ढकललं होतं. तोही सराव यशस्वीरीत्याच पार पडला.

जखमींच्या गळ्यात रंगीत कार्डं अडकवत. हिरवं म्हणजे खरचटलंय, पिवळं म्हणजे थांबू शकतो, लाल म्हणजे ताबडतोब उचला, आणि काळं म्हणजे उचलून उपयोग नाही. चारनंबरला काळं कार्ड आवडायचं.

‘‘काळं मिळालं ना, की कुणी हात लावत नाही,’’ ती मला म्हणाली होती. ‘‘अर्धा तास डोळा लागतो. घरी कुठे मिळतो असा अर्धा तास? लाल मिळालं तर मेलेच मी. सगळे मिळून वाचवायला येतात.’’

तिची थट्टा करणं सोपं होतं, आम्ही करायचोही. पण डोळे मिटून पडलेली ही बाई अर्धा डोळा उघडाच ठेवायची. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर स्ट्रेचर अडकतं आणि आतला माणूस डोक्यावर उभा राहतो, हे आडवी असलेल्या तिलाच ठाऊक, कारण डोकं तिचं होतं. आगीचं दार कुलूपबंद असतं आणि किल्ली भांडारपालाच्या खिशात असते, आणि भांडारपाल सरावाच्या दिवशी हमखास रजेवर असतो, हेही तिनेच हेरलं. सगळ्यांनी जमायची जागा म्हणून मागच्या पटांगणात जो हिरवा फलक लावला होता, तो बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपासून वीस पावलांवर होता. तिथे प्रेत म्हणून पडल्यावर तिच्या नाकाला झोंबायचं.

‘‘भाऊ, लिहून घ्या ना,’’ ती म्हणायची. ‘‘त्या भिंतीपलीकडे अमोनिया असतो. आणि आपण पळून पळून तिथेच जमणार?’’

मी लिहून घ्यायचो. मग ‘सूचना’ या रकान्यात ते टाकायचो आणि छापायच्या आधी काढून टाकायचो. साहेब खोडणारच, तर त्यांना तसदी कशाला? साहेबांचं काम वाचवण्यात माझी दहा-अकरा वर्षं छान गेली.

ती मात्र नुसतं सांगून सोडून देणाऱ्यांतली नव्हती. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लागूनच एक गल्ली होती, तिथे तिचं दोन खोल्यांचं घर. घरात नवरा, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली सासू. सरावाहून घरी गेली, की दिवसभर कार्यालयात जे जे चुकलं ते ती गल्लीत बरोबर करायची. गल्लीत स्वतःच्या पायाने चालू न शकणारी माणसं किती, तर सहा. प्रत्येकाला उचलायला दोन-दोन माणसं तिने नेमली. सासूबाईंच्या वाट्याला नळदुरुस्ती करणारा शेजारी आणि समोरची ब्यूटी पार्लरवाली आली. महिन्यातल्या एका रविवारी दोघं यायची, सासूबाईंना जाड चादरीत घ्यायची आणि गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत नेऊन परत आणायची.

सासूबाई शिव्या घालायच्या. ‘‘जिवंतपणी उचलताय मला! एवढी कसली घाई झालीय गं तुला?’’

‘‘घाई नाही आई, सवय करतोय,’’ ही म्हणायची.

‘‘तुमची सवय होईपर्यंत मी जायची!’’

आणि मग आमच्याकडे आधुनिक काळ आला. तो एका साहेबांच्या रूपाने आला. त्यांना आम्ही समोर साहेब आणि पाठीमागे आपत्तीसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, बिचारा रात्रंदिवस सादरीकरणं तयार करायचा. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर नियंत्रण कक्ष उभारला. भिंतभर पडदे लावले. त्यांवर पावसाचे ढग, नदीची पातळी आणि एका कोपऱ्यात आमची कँटीन दिसायची. मोबाईलवर इशारा देणारं अॅप आलं. ड्रोन आलं. ते पहिल्याच दिवशी उडून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं, आणि शिडी मागवायचा प्रस्ताव अजून मंजुरीत असल्यामुळे तिथेच राहिलं. छतावर एक जुना हाताने फिरवायचा भोंगा होता, तो काढून भांडारात टाकला. नवा भोंगा संगणकावर चालायचा. वाजवायला दोन अधिकाऱ्यांची संमती लागायची, म्हणजे उगीच कुणी घाबरून वाजवायला नको.

सादरीकरणात एक पान ‘लोकसहभाग’ या विषयावर होतं. त्यावर कुठल्याशा हसऱ्या माणसांचा फोटो होता. ती माणसं कुठली हे साहेबांनाही माहीत नव्हतं. पण हसत होती, म्हणजे सहभागी असणार.

नियंत्रण कक्षाच्या उद्घाटनाचा दिवस ठरला. साडेअकराला कार्यक्रम आणि बारा वाजता पाहुण्यांसमोर अचानक सराव. अचानक सराव बारा वाजता आहे, असं परिपत्रक आठवडाभर आधी सगळ्या टेबलांवर फिरलं होतं. सगळ्यांनी वाचल्याच्या सह्या केल्या होत्या.

त्या दिवशी पुढच्या दाराला लाल फीत बांधली होती. फीत कापून झाल्यावर फोटो नीट यावेत, मध्ये कुणी येऊ नये, म्हणून पाहुणे आत आल्यावर पुढचं दार साखळी घालून, कुलूप दाबून बंद केलं. कर्मचाऱ्यांनी आणि नागरिकांनी मागच्या दाराने यावं-जावं, असा कागद चिकटवला. भिंतीवर हिरवे चमकणारे नवे बाण होते, तेही सगळे मागच्या दाराकडेच जात होते.

चारनंबरला लाल कार्ड मिळालं होतं. तळमजल्यावर निवृत्तिवेतनाच्या खिडकीजवळ ती वीस मिनिटं आधीच जाऊन पडली. तिथे रांगेत पंधरा-वीस माणसं होती, त्यांत चाकाच्या खुर्चीत बसलेले एक निवृत्त शिक्षकही होते. ती पडल्या पडल्या त्यांच्याशी गुडघ्याच्या औषधांबद्दल बोलत होती. बोलता बोलता थांबली.

‘‘गुरुजी, तुम्हाला वास येतोय?’’

‘‘डोळे चुरचुरताहेत खरे,’’ गुरुजी म्हणाले.

ती उठली. मागच्या दारापाशी गेली. कारखान्याच्या भिंतीवरून पांढरं धुकं पटांगणात उतरत होतं, सरळ त्या हिरव्या फलकाच्या दिशेने. भिंतीवरून कारखान्याचा एक कामगार कसाबसा अलीकडे पडला. एक डोळा हाताने गच्च दाबलेला. ‘‘पाइप फुटला,’’ एवढंच तो बोलू शकला. तिने त्याला ओढून आत घेतलं, दार लावलं, पाण्याच्या कूलरचा नळ सोडून त्याचं डोकं त्याखाली धरलं आणि डोळा धुवत राहायला सांगितलं. मग टेबलावरचा नॅपकिन भिजवून स्वतःच्या नाकाला बांधला आणि ओरडली, ‘‘सगळे उठा! मागे कुणी जायचं नाही!’’

रांगेतले लोक हसले. खिडकीमागचा कारकून घड्याळाकडे बघत म्हणाला, ‘‘अहो चारनंबर, बाराला अजून अवकाश आहे. तुम्ही आधीच काय उठलात?’’

तिने त्याच्याशी वाद घातला नाही. तिसऱ्या मजल्यावर पळत गेली. भोंग्याचं बटण वर होतं आणि माईकही वरच होता.

मी तिथे कोपऱ्यात लॅपटॉपवर अहवाल उघडून बसलो होतो. आपत्तीसाहेब हातातलं बटण दाबत पाहुण्यांना सांगत होते, की या प्रणालीमुळे धोका आणि प्रतिसाद यांच्यातला वेळ शून्यावर आला आहे. इतक्यात ती दारात आली. नाकाला ओला नॅपकिन, डोळ्यांतून धारा, गळ्यात लाल कार्ड.

‘‘साहेब, बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया सुटलाय. मागच्या जिन्याने कुणालाही सोडू नका. भोंगा वाजवा.’’

साहेबांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, ‘‘बघा, आमचे कर्मचारी किती समरस होतात!’’

टाळ्या पडल्या. चांगल्या दणदणीत पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

ती टाळ्यांमधून सरळ माझ्यापाशी आली. खोकत होती. ‘‘भाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘अकरा वर्षं मी तुमच्यासमोर पडतेय. कधी पळताना बघितलंय मला?’’

नव्हतं बघितलं. मी उठून उभा राहिलो, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझं भाषण म्हणून कुणी नोंदवू नये: ‘‘अहो, चारनंबर पळतेय! खरंच काहीतरी झालंय!’’

कर्मचाऱ्यांना तेवढं पुरलं. सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. साहेब भोंग्याच्या संगणकाकडे धावले. त्यांनी पहिली संमती दिली. दुसरी संमती ज्या अधिकाऱ्याने द्यायची ते त्या क्षणी पाहुण्यांना पुष्पगुच्छ देत होते आणि त्यांचा पासवर्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता, पहिल्या मजल्यावर. पाहुणे बाणांकडे बघून मागच्या जिन्याकडे निघाले. ती त्या दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

‘‘बाण तिकडे दाखवताहेत ना,’’ एक पाहुणे चिडून म्हणाले.

‘‘बाणांना नाक नाही, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या जिन्याने चला. रुमाल भिजवा. पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात ना तुमच्यासमोर, त्या ओता.’’

पुढे दाराला साखळी आणि कुलूप. किल्ली कुणाकडे, हे विचारायची कुणी तसदी घेतली नाही, उत्तर सगळ्यांना पाठ होतं. भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं तिने काढलं आणि कुलपावर घातलं. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. ते नळकांडं बसवल्यापासून पहिल्यांदाच कामाला आलं होतं.

गुरुजींची खुर्ची पायऱ्यांवर अडली. मी आणि तोच खिडकीमागचा कारकून पुढून धरून उचलायला लागलो. ‘‘उलटं करा,’’ ती ओरडली, ‘‘मोठी चाकं आधी उतरू दे, गुरुजींचं तोंड दाराकडे!’’ उतरले गुरुजी.

बाहेर पडल्यावर सगळे फाटकासमोरच घोळका करून उभे राहिले. उद्घाटनाचा कापडी फलक वाऱ्याने रस्त्याकडे फुगला होता. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली.

‘‘इथे नका थांबू. वारा आपल्यामागून येतोय, तो गॅसही इकडेच आणणार. सरळ पळू नका, आडवे चला. डावीकडे, बस डेपोकडे!’’

ऐंशीच्यावर माणसं एका शिपाईबाईच्या मागे डावीकडे निघाली. त्यांत दोन संचालक होते, एक प्राध्यापक होते आणि आपत्तीसाहेबही होते. त्यांच्या हातात अजून ते सादरीकरणाचं बटण होतं आणि बहुधा सवयीने ते दाबतही होते. जखमी कामगाराला दोघांनी बखोटीला धरलं होतं. डेपोच्या नळावर तो डोळा धुतच राहिला.

डेपोत पोचून माणसं मोजून झाल्यावर ती गल्लीच्या दिशेने वळली. मग म्हणाली, ‘‘आई.’’

मला उशिरा उमगलं. तिचं घर भिंतीला लागून होतं. सासू अंथरुणात आणि नवरा बाजारपेठेत कामावर. ती हे सगळा वेळ जाणून होती. त्या दारात हात पसरून उभी होती, तेव्हाही.

आम्ही दोघं डेपोच्या मागून लांबचा वळसा घालून धावलो. अग्निशमन दलाने गल्लीचं तोंड दोर लावून बंद केलं होतं. आत एक चिटपाखरू नव्हतं, दारं सताड उघडी. तिने दोराखालून जायला वाकून डोकं घातलं, तेवढ्यात दोराच्या अलीकडूनच ओळखीचा आवाज आला.

इस्त्रीवाल्याच्या दुकानात, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. बाजूला नळदुरुस्तीवाला आणि ब्यूटी पार्लरवाली, दोघं घामाने निथळलेली. गल्लीतली बाकीची पाचही माणसं तिथेच होती, कुणी बाकावर, कुणी कपड्यांच्या गाठोड्यावर.

‘‘ही आली बघा!’’ सासूबाई कडाडल्या. ‘‘अख्खी गल्ली उचलून आणली तुझ्या माणसांनी, माझे दात तेवढे पेल्यात राहिले! आता मी बोलू कशी?’’

त्या अस्खलित बोलत होत्या. चारनंबर दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. अकरा वर्षांत मी तिला विव्हळताना खूपदा ऐकलं होतं, छान विव्हळायची. हे वेगळं होतं. मला तिथे उभं राहवेना. मी आत जाऊन इस्त्रीवाल्याकडून पाणी मागून आणलं.

सासूबाईंचा आवाज खाली आला. ‘‘रडतेस काय वेड्यासारखी. आहे मी. ये इकडे.’’

नऊ जण दवाखान्यात गेले, सगळे परत आले. कारखान्याच्या कामगाराचा एक डोळा मात्र वाचला नाही. चारनंबरचा आवाज कायमचा घोगरा झाला.

दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी आम्हा सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. अॅपचा इशारा आला होता: ‘आपल्या परिसरात वायुगळतीची शक्यता आहे. कृपया घाबरून न जाता कार्यालयाच्या मागील पटांगणात जमावे. हा संदेश उपयुक्त वाटला का? पाचपैकी तारे द्या.’

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. ‘‘अहवालात लिहा, की प्रणालीने यशस्वीरीत्या इशारा दिला.’’

‘‘वेळ काय टाकू, साहेब?’’

‘‘जी असेल ती टाका,’’ ते घाईत म्हणाले. त्यांना वर्तमानपत्राला मुलाखत द्यायला जायचं होतं.

मी जी होती ती टाकली. अॅपची वेळ, कुलपाची वेळ, टाळ्यांचीसुद्धा वेळ. शेवटी ‘सूचना’ रकान्यात अकरा वर्षांच्या जुन्या कागदांतून शोधून तिने सांगितलेलं सगळं भरलं. एकोणीस मुद्दे झाले. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. न वाचण्याच्या त्यांच्या सवयीबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा आदर वाटला.

त्याच आठवड्यात चारनंबरला ज्ञापन मिळालं. दोन आरोप होते. एक, कार्यालयाच्या कुलपाचं नुकसान. दोन, नेमून दिलेली जखमीची जागा विनापरवानगी सोडणे. उत्तर सात दिवसांत. ती माझ्याकडे कागद घेऊन आली.

‘‘लिहा भाऊ,’’ ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. ‘‘होय, सोडली.’’

‘‘एवढंच?’’

‘‘खाली सही. आणखी काय?’’

चौकशी समितीत तिघे होते. त्यांतल्या एकाला अहवाल शेवटपर्यंत वाचायची खोड निघाली. ज्ञापन मागे घेतलं गेलं. आपत्तीसाहेबांवर कारवाई वगैरे झाली नाही. एकही मृत्यू न झालेली आपत्ती हाताळल्याबद्दल त्यांना बढती मिळाली. आता ते मोठ्या शहरात या विषयावर व्याख्यानं देतात. ऐकणारे सांगतात, फार छान बोलतात, शेवटी त्यांचा आवाज भरून येतो.

त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी चारनंबरला केबिनमध्ये बोलावून समोर खुर्ची दिली. ती बसेना, तेव्हा स्वतः उभ्या राहिल्या. मग दोघी बसल्या. बाईंनी विचारलं, एकोणीसमधलं आधी काय करू?

‘‘मॅडम, वारा कुठून येतोय ते दिसायला हवं,’’ ती म्हणाली. ‘‘त्या दिवशी नशिबाने कापड बांधलेलं होतं.’’

यंत्र मागवायचं तर सहा महिने लागणार होते. तिचा नवरा शिंपी. त्याने रविवारी बसून, दुकानात कुणी शिवायला टाकून परत न नेलेल्या एका लाल पायजम्याचा एक पाय वेगळा केला, तोंडाला तारेचं कडं शिवलं आणि छतावरच्या खांबाला अडकवून दिला. फाईलमध्ये मी त्याची नोंद ‘वायुदिशादर्शक उपकरण, एक नग’ अशी केली. भिंतभर पडद्यांचा नियंत्रण कक्ष अजून तिसऱ्या मजल्यावर आहे. पाहुणे आले की तो दाखवतात. पण सकाळी कामावर येताना सायकल लावून, डबा काढून, आम्ही सगळे आधी मान वर करून बघतो, की आज पायजमा कुठल्या बाजूला उडतोय.